हॉलमधली शोभेची खुर्ची कोणासाठी?

"डॉक्टर, आई हल्ली हॉलमध्ये येतच नाहीत. दिवसभर आपल्या खोलीत, पलंगावर. डिप्रेशन तर नसेल ना?"

सूनबाईंची शंका रास्त होती. सासूबाई ७४ वर्षांच्या, मधुमेह आटोक्यात, गुडघ्यांची जुनी तक्रार. मी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतलं, झोप-भूक विचारली. सगळं ठीक होतं. तरी "थोडं फिरायला न्या, बोलतं करा" असा आम्हा डॉक्टरांचा ठरलेला सल्ला देऊन मोकळा झालो.

पुढे एकदा त्यांना ताप आला म्हणून घरी जाणं झालं. जुन्या सोसायटीचा पुनर्विकास होऊन मिळालेला नवा फ्लॅट, नवं इंटिरियर. हॉलमध्ये राखाडी सोफा आणि समोर मोहरीच्या रंगाच्या दोन बुटक्या, गुबगुबीत खुर्च्या. हल्ली त्यांना अ‍ॅक्सेंट चेअर म्हणतात, म्हणजे बाकीच्या सोफासेटपासून वेगळी, नजरेत भरणारी खुर्ची. "बसा ना डॉक्टर," म्हणाले. मी बसलो, आणि बसतच गेलो. उठताना पहिल्या प्रयत्नात उठता आलं नाही. हाताला आधार नाही, ढुंगण गुडघ्यांच्या खाली. दोनदा झोका घेऊन उभा राहिलो. खोलीच्या दारातून काकू बघत होत्या. म्हणाल्या, "आता कळलं?"

मला खरंच तेव्हा कळलं. काकूंना हॉलमध्ये यायचं होतं, पण एकदा बसलं की उठायला कोणाला तरी हाक मारावी लागायची. पाहुण्यांसमोर दोन्ही हात धरून ओढून उठवलं जाणं त्यांना नको होतं. लघवीची घाई झाली की वेळेत उठता येणार नाही या धास्तीने त्या पाणीही कमी पीत होत्या. बाल्कनीतल्या हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांना व्यवस्थित बसता-उठता यायचं, पण कोणी येणार असलं की घरातले ती खुर्ची आत नेऊन ठेवत. खुर्चीबरोबर काकूही आत.

माझं मत स्पष्ट आहे. हॉलमध्ये एकच वेगळी खुर्ची घेणार असाल तर ती घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या मापाची घ्या, आणि हॉलमधल्या सर्वांत चांगल्या जागी ठेवा.

खुर्चीतून उठणं ही साधी क्रिया नाही. आधी पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यावे लागतात, मग नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकावं लागतं, आणि मग मांडीच्या पुढच्या आणि कुल्ल्यांच्या स्नायूंनी सगळं वजन उचलायचं. बैठक जितकी खाली, तितका गुडघ्यांवर ताण जास्त. खुर्चीला हात असतील तर तो ताण बराच कमी होतो, कारण काम दंडांमध्ये वाटलं जातं. वयाबरोबर मांड्यांचे स्नायू बारीक होत जातात, त्यामुळे चाळिशीत जी खुर्ची जाणवतही नाही ती पंचाहत्तरीत खड्डा वाटते. म्हणूनच वयस्कर पेशंटच्या पायांतली ताकद आम्ही खुर्चीवरच तपासतो. १७ इंच उंचीची, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घ्यायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयात पुरुषांचे १४ पेक्षा आणि स्त्रियांचे १२ पेक्षा कमी झाले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. घरी करून बघणार असाल तर शेजारी कोणीतरी उभं राहा.

आता माप. आईंना नेहमीच्या चपलांत ताठ बसवा आणि गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. बसल्यावर फोम दबून जी उंची उरते ती या मापाइतकी किंवा इंचभर जास्त हवी. गुडघे किंवा खुबे दुखत असतील तर दोन इंच जास्त चालेल, फक्त पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. दुकानात १८ इंच सांगितलेली मऊ खुर्ची बसल्यावर १४-१५ इंचांची होते, तेव्हा फोटो बघून मागवू नका, जिच्यासाठी घ्यायची तिला दुकानात घेऊन जा. खोलीकडेही बघा. २२-२४ इंच खोल बैठकीत पाच फुटांच्या बाईची पाठ मागे टेकते तेव्हा पाय लोंबकळतात, आणि पाय टेकवले तर पाठ अधांतरी राहते. हात असावेत, ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यावेत, आणि पुढून खुर्चीखाली जागा मोकळी असावी म्हणजे पाय मागे घेता येतात. गोल फिरणारी आणि झुलणारी खुर्ची ज्येष्ठांना नको. मला विचाराल तर जुन्या विलायती पद्धतीची उंच पाठीची, कान असलेली विंग चेअर या सगळ्यांत बसते. ते कान मुळात थंड वाऱ्याची झुळूक अडवायला होते, आता पंख्याखाली डुलकी घेणाऱ्याची मान सावरायला उपयोगी पडतात.

रंगाबाबत मात्र मी इंटिरियरवाल्यांच्या बाजूने आहे. क्रीम रंगाच्या फरशीवर क्रीम रंगाची खुर्ची मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना धड दिसत नाही, बसताना कड चुकते. मोहरी, बाटली हिरवा, विटकरी, काहीही चालेल, फरशीपासून वेगळा उठून दिसू द्या.

मांडणीत माझं भांडण गालिच्याशी आहे. खुर्चीचे पुढचे दोन पाय गालिच्यावर आणि मागचे फरशीवर, अशी मांडणी हल्ली सगळीकडे दिसते. यात खुर्चीजवळ येताना-जाताना गालिच्याची कड नेमकी वाटेत येते, आणि वळलेली कड म्हणजे खुब्याच्या फ्रॅक्चरला आमंत्रण. पूर्ण खुर्ची गालिच्यावर घ्या, किंवा गालिचाच काढा. गुळगुळीत टाइल्सवर खुर्ची मागे सरकते, तिला रबरी बूट घाला किंवा पाठ भिंतीला लावा. पुढे झुकायला जागा हवी म्हणून काचेचं सेंटर टेबल थोडं लांब ढकला. वॉकर असेल तर वाट तीन फूट ठेवा, आणि दिव्याची वायर त्या वाटेतून नको. हाताच्या उंचीला एक छोटं टेबल: पाणी, चष्मा, फोन. ऐकायला कमी येत असेल तर ही खुर्ची सोफ्याशी काटकोनात, चार-पाच फुटांवर ठेवा. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडू द्या, त्याच्या पाठीमागे खिडकी असली की ओठ दिसत नाहीत.

बुटक्या बैठकी वाईट, असं मी म्हणत नाही. ज्यांना जमिनीवर मांडी घालून बसता-उठता येतं त्यांनी ते जरूर चालू ठेवावं, तो उत्तम व्यायाम आहे.

एक इशारा. नेहमीच्याच खुर्चीतून कालपरवापर्यंत सहज उठणारं माणूस आठ-पंधरा दिवसांत उठेनासं झालं, तर सुताराला नाही, डॉक्टरला गाठा. पोटॅशियम कमी होणं, थायरॉइड, 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता, स्टेरॉइड किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा स्नायूंवर परिणाम, पार्किन्सन्स, मणक्यात नस दबणं, असं काहीही असू शकतं. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आणि उठताच चक्कर येत असेल तर बी.पी. बसून आणि उभं राहून, असं दोन्ही वेळा मोजून घ्या.

काकूंसाठी नवी खुर्ची घ्यावी लागली नाही. सुताराने मोहरी रंगाच्या एका खुर्चीला उंच पाय लावले, दोन लाकडी हात बसवले, आणि आतला फोम बदलून कडक घातला. दुसरी आहे तशीच आहे, तिच्यात नातू लोळतो. काकू आता संध्याकाळी हॉलमध्ये असतात. वाद एकच उरलाय: सूनबाईंना ती खुर्ची टीव्हीसमोर हवी आहे, आणि काकूंना दाराकडे तोंड करून, कोण येतं-जातं ते दिसायला.