आजाराच्या नावावर मूल काढून घेऊ नका

मनोविकार असलेल्या आईचं मूल (बापाबद्दल हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही) कुणाकडे राहावं, हे आपल्याकडे दोन ठिकाणी ठरतं. नवरा-बायकोचं भांडण असेल तर कौटुंबिक न्यायालयात, आणि मुलाची आबाळ होते अशी तक्रार आली तर बाल कल्याण समितीपुढे. दोन्हीकडे हे मुद्दे लक्षात घ्यावेत.

1. निदान म्हणजे निकाल नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 सांगतो, की सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केल्याशिवाय केवळ मानसिक आजारामुळे कुणालाही विकल मनाचं मानता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता खटल्यात 1988 मध्येच म्हटलं होतं, की स्किझोफ्रेनिया हे नाव पुरेसं नाही, आजाराची तीव्रता पाहायला हवी. 2013 मध्ये याच आजाराचं कारण पुढे करणाऱ्या नवऱ्याला न्यायालयाने घटस्फोट नाकारला. त्याची बायको स्वतः डॉक्टर होती. हे खटले घटस्फोटाचे असले तरी ताब्याच्या प्रकरणात वेगळं माप लावायचं कारण नाही. पण घडतं उलटंच. गोळ्यांची पाकिटं आणि जुने केसपेपर बाईविरुद्धचा पुरावा म्हणून जोडले जातात. नियमित औषध घेणं ही तिची जमेची बाजू. तीच अंगलट येणार असेल तर तारखेआधी ती औषध बंद करील, आणि त्याची झळ मुलालाच बसेल.

2. विचारायचं ते वेगळंच. मुलाला लसी दिल्या आहेत का, ते शाळेत जातं का? आजार उसळला की घरात कोण असतं, आजी की मावशी? पुन्हा बिघडू लागलंय हे आईला स्वतःला कळतं का, आणि कळल्यावर ती कुणाला सांगते? याची उत्तरं प्रिस्क्रिप्शनवर नसतात, त्यासाठी घरी जावं लागतं. आजाराचा पुरावा समोरच्याने अमान्य केला, तर 2017 च्या कायद्याच्या कलम 105 प्रमाणे न्यायालयाने तो मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासणीसाठी पाठवायचा असतो. वकिलांनी याचा आग्रह धरावा.

3. माझं मुख्य म्हणणं इथे आहे. याच कायद्याच्या कलम 21 नुसार रुग्णालयात उपचार घेणाऱ्या बाईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडायचं नाही. धोका असेल तर तात्पुरतं दूर ठेवायचं, पण त्या काळातही देखरेखीखाली तिला मूल भेटलं पाहिजे. दर 15 दिवसांनी निर्णयाचा आढावा घ्यायचा, आणि दूर ठेवणं सलग 30 दिवसांवर गेलं तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. आता हीच बाई घरी असताना समितीने मूल शिशुगृहात पाठवलं, तर? बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये आईच्या प्रकृतीचा असा पंधरवड्याचा आढावा घेण्याचं बंधन समितीवर नाही. चौकशीला चार महिने मिळतात. दीड वर्षाच्या पोराला चार महिन्यांत दुसऱ्याच कुणाचा तरी लळा लागतो. म्हणजे वॉर्डात असलेल्या आईचा हक्क घरातल्या आईपेक्षा मोठा!

4. धोका खोटा नसतो. हजारातल्या एक-दोन बाळंतिणींना तीव्र मनोविकृती होते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. अशा वेळी बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवणं हा गुन्हाच म्हणायचा. पण हा आजार उपचारांनी बरा होतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई-बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. अशी सोय तिथेही हवी.

5. निदानालाच निकाल मानण्याची हीच चूक बौद्धिक अपंगत्वाबाबतही होते, म्हणून बाल न्याय अधिनियमाचं कलम 38(3) रद्द व्हावं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या पालकांचं मूल समिती कायद्याची प्रक्रिया पाळून दत्तकासाठी मुक्त जाहीर करू शकते, असं ते म्हणतं. त्या पालकांना मूल सांभाळता येतं की नाही, हा प्रश्नच त्या वाक्यात नाही. चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या अशाच एका तरुणीचा तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करायला सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये परवानगी नाकारली होती. त्यानंतर सहा वर्षांनी संसदेने हे कलम लिहिलं.

6. घर टिकवायला पैसा लागतो. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा 2250 रुपये मिळतात. मूल संस्थेत धाडण्याआधी, या योजनेचा अर्ज भरून घेतला होता का, हे समितीने आदेशातच नोंदवावं.

7. प्रत्येक बाईला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे तिला पहिल्याच तारखेला सांगा.

8. घरातल्या आईसाठीही पंधरवड्याचा आढावा हवा, आणि त्यासाठी दिल्लीकडे बघत बसायला नको. बाल न्याय अधिनियमाचं कलम 110 राज्याला नियम करण्याचा अधिकार देतं. महिला व बालविकास विभागाने तो वापरावा, आणि मुलाच्या वयाला तीन वर्षांची अटही ठेवू नये.