मुंबई उपनगरांतील स्थानिक मदतसंस्थांशी क्षमतावृद्धीची भागीदारी करण्याबाबत निवेदन

प्रति,
१) मा. जिल्हाधिकारी, मुंबई उपनगर जिल्हा, वांद्रे (पूर्व), मुंबई
२) मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई

विषय : अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर परिसरांतील लहान मदतसंस्थांशी किमान तीन वर्षांची क्षमतावृद्धी भागीदारी करण्याबाबत.

संदर्भ : १) आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५, कलम ३०
२) महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम २२
३) कंपनी अधिनियम, २०१३, कलम १३५ व त्याखालील नियम

महोदय,

१ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबई जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार ९३ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात महिला मंडळे, चाळ समित्या, युवक मंडळे, आरोग्य व शिक्षणाचे काम करणारे छोटे न्यास आणि वस्तीपातळीवरील संस्था मोठ्या संख्येने काम करीत आहेत. प्रस्तुत निवेदनात अशा संस्थांना ‘स्थानिक मदतसंस्था’ म्हटले असून, ज्या संस्थेचे कार्यकर्ते ती ज्या वस्तीत काम करते त्याच वस्तीत किंवा तिच्या लगत राहतात आणि जिचा वार्षिक खर्च मोठ्या देणगीदारांवर अवलंबून नसतो, अशी संस्था हा त्या संज्ञेचा अर्थ आहे. ‘क्षमतावृद्धी भागीदारी’ म्हणजे शासन, महापालिका, कंपनी, विद्यापीठ किंवा मोठी स्वयंसेवी संस्था यांपैकी एकाने स्थानिक संस्थेशी ठरावीक मुदतीचा करार करून तिचे हिशेब, नोंदी, मनुष्यबळ व तांत्रिक कौशल्य पक्के करणे, आणि करार संपल्यावर ते बळ त्या संस्थेकडेच राहील अशी व्यवस्था करणे होय.

पार्श्वभूमी

उपनगरांतील गेल्या सुमारे पंचवीस वर्षांच्या आपत्तींचा क्रम पाहिला, तर दरड, भिंत किंवा पाणी ज्या वस्तीवर येते तेथे पहिल्या तासात मदतीला धावणारी माणसे त्याच वस्तीतली असतात, हे पुन्हा पुन्हा दिसून येते. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठाहून अधिक माणसे दगावली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच पावसात साकीनाक्याची वस्ती दरडीखाली गाडली गेली. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर पडली. आणि १८ जुलै २०२१ च्या पहाटे विक्रोळी व चेंबूर येथील डोंगरउतारांवर घरे कोसळली. अशा वस्त्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे इतकी गल्ली अरुंद असते, त्यामुळे जेसीबी खालच्या रस्त्यावरच थांबतो आणि माती घमेल्याने, माणसांची साखळी करून, हातोहात उपसावी लागते. कोणत्या खोलीत किती माणसे झोपतात, कोण अंथरुणाला खिळलेले आहे आणि कोण त्या रात्री पाळीवर गेलेले आहे ही माहिती त्या क्षणी सर्वांत मोलाची असते, आणि ती शेजारणीच्या तोंडी किंवा मंडळाच्या वहीत असते.

स्थानिक संस्था राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची किंवा अग्निशमन दलाची जागा घेऊ शकत नाहीत, याची निवेदनकर्त्या संस्थांना पूर्ण जाणीव आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगर भागात अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ माणसांचा मृत्यू झाला; तेथे इंधनसाठ्यामुळे ठिणगी उडणारे अवजार वापरणेही जोखमीचे होते, आणि असे काम क्रेन व प्रशिक्षित दलाशिवाय होऊच शकत नव्हते. मात्र दल पोहोचण्यापूर्वीचा तास आणि दल परतल्यानंतरचे सहा महिने हे दोन्ही काळ स्थानिक संस्थांच्याच वाट्याला येतात, आणि नेमक्या त्याच काळांसाठी आजच्या व्यवस्थेत तरतूद अपुरी आहे.

अडचणीचे स्वरूप

आपत्तीच्या वेळी स्थानिक संस्थेकडे धान्याचे किट, ताडपत्री व ब्लँकेट पोहोचतात, परंतु ते टेम्पोतून उतरवून घेणाऱ्या, यादी करणाऱ्या आणि दोन वेळा नाव आलेल्या कुटुंबाची समजूत काढणाऱ्या कार्यकर्तीचा रिक्षाखर्चही कोणाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. भाडे, मानधन, हिशेबनीस, लेखापरीक्षण व दूरध्वनी यांवरील अशा खर्चाला ‘आस्थापना खर्च’ म्हणतात. तो अनुत्पादक समजून टाळला जातो, आणि त्यामुळेच संस्था दरवर्षी पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभी राहते.

दुसरी अडचण कागदपत्रांची आहे. नोंदणीकृत न्यासाचे विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो, आणि तो मंजूर झाल्यावरच ‘शेड्युल वन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिशिष्ट-१ च्या उताऱ्यावर नवी नावे चढतात. डोंगरावरील एखाद्या महिला मंडळाची पत्र्याची ट्रंक उघडली तर नोंदणी प्रमाणपत्र, जुनी पासबुके आणि सभांचे इतिवृत्त नीट बांधून ठेवलेले आढळते, पण परिशिष्टाच्या उताऱ्यावर दिवंगत अध्यक्षांचे नाव तसेच असते. मग बँक सही बदलून देत नाही, सही नाही म्हणून आयकराच्या १२ए व ८०जी नोंदणीचे नूतनीकरण अडते, आणि त्या नोंदणीवाचून कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घेण्यासाठी आवश्यक असलेली सीएसआर-१ नोंदणी होत नाही. एका न झालेल्या अर्जापायी वीस वर्षांचे काम अपात्र ठरते.

तिसरी अडचण निधीच्या वाटेची आहे. परकीय अंशदान विनियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली; परिणामी मोठ्या संस्थांमार्फत वस्तीपर्यंत झिरपणारा हा स्रोत आटला. जागतिक पातळीवर २०१६ च्या इस्तंबूल परिषदेत झालेल्या ‘ग्रँड बार्गेन’ करारात देणगीदारांनी २०२० पर्यंत किमान २५ टक्के मानवतावादी निधी शक्य तितक्या थेट स्थानिक व राष्ट्रीय संस्थांना देण्याचे उद्दिष्ट मान्य केले होते, पण ते गाठले गेले नाही. तेव्हा उपनगरांतील संस्थांना आधार द्यायचा तर तो जिल्ह्यातूनच उभा करावा लागेल.

पूर्वानुभव

या शहराला भागीदारीचा अनुभव नवा नाही. नव्वदच्या दशकात घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये रहिवाशांनी कचरा वेगळा करण्याचे जे काम केले, त्यातून महापालिकेची प्रगत परिसर व्यवस्थापन योजना, म्हणजे ‘एएलएम’, आकारास आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमात वस्तीने आधी नोंदणीकृत संस्था स्थापन करावी, प्रत्येक प्रौढामागे १०० रुपये व कुटुंबामागे कमाल ५०० रुपये वर्गणी जमा करावी आणि मग महापालिकेने बांधलेले सामुदायिक शौचालय त्या संस्थेकडे देखभालीसाठी सोपवावे, अशी रीत होती. शौचालयाच्या माळ्यावर राखणदाराच्या कुटुंबाची खोली, दारात मासिक पासाचे टेबल आणि पाणी व विजेच्या बिलांची फाइल अशी ती व्यवस्था जेथे संस्थेला सातत्याने साथ मिळाली तेथे टिकली. जेथे इमारत ताब्यात देऊन पाठ फिरवली गेली, तेथे काही ठिकाणी संस्था नावापुरती उरली आणि कारभार मूठभरांच्या हाती गेला. वास्तू सोपवल्याने क्षमता सोपवली जात नाही, हा या कार्यक्रमाने दिलेला धडा प्रस्तुत मागण्यांचा आधार आहे.

मागण्या

१. विभागवार नोंदवही. प्रत्येक विभाग कार्यालयाने आपल्या हद्दीतील स्थानिक मदतसंस्थांची नोंदवही तयार करावी, तीत मनुष्यबळ, साहित्य, सभागृहाची किल्ली कोणाकडे असते व रात्री कोणाला फोन करावा हे नमूद करावे, आणि ती दरवर्षी मे महिन्यापूर्वी अद्ययावत करावी. ही नोंद परवान्यासारखी वापरली जाऊ नये.

२. तीन वर्षांचा करार. जिल्हा वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण योजनांच्या तरतुदीतून निवडक संस्थांशी तीन वर्षांचे करार करावेत आणि प्रत्येक कराराच्या रकमेतील किमान १५ टक्के वाटा आस्थापना खर्चासाठी राखून ठेवावा.

३. उपनगरांत धर्मादाय शिबिरे. बदल अर्ज, लेखापरीक्षण अहवाल व परिशिष्टाचे उतारे यांसाठी मुलुंड वा बोरिवलीच्या कार्यकर्तीला दर वेळी एका दिवसाची मजुरी बुडवून वरळीच्या धर्मादाय कार्यालयात वारंवार जावे लागते. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी धर्मादाय आयुक्तांशी समन्वय साधून पूर्व व पश्चिम उपनगरांत दर तीन महिन्यांनी एक शिबिर भरवावे.

४. सामायिक हिशेब सेवा. दहा संस्थांच्या गटामागे एक हिशेबनीस नेमून त्याचे मानधन प्रशासनाने तीन वर्षे द्यावे आणि त्या अवधीत प्रत्येक संस्थेतील एका व्यक्तीला रोजकीर्द, पावतीपुस्तक व ताळेबंद यांचे काम शिकवावे.

५. प्रशिक्षणाची वेळ व मोबदला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले आहे, परंतु घरकाम करणाऱ्या किंवा रोजंदारीवरच्या महिलेला सलग बारा दिवस काढता येत नाहीत. त्यामुळे असे प्रशिक्षण रविवारी व सायंकाळी, विभाग पातळीवर, बुडालेल्या मजुरीची भरपाई देऊन घ्यावे, आणि दोर, स्ट्रेचर, बॅटरी व प्रथमोपचार पेटी वस्तीतच ठेवण्याची सोय करावी.

६. कंपन्यांची बैठक. अंधेरीची औद्योगिक वसाहत व सीप्झ परिसरातील कंपन्यांची जिल्हाधिकाऱ्यांनी वर्षातून दोनदा बैठक घ्यावी. सामाजिक दायित्वाच्या नियमांतील प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासनाला लागू आहे, प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या हिशेबनिसाचे मानधन त्या कारणाने नाकारणे योग्य नाही, आणि चालू प्रकल्प आरंभाचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवण्यास नियमांचीच मुभा आहे, हे त्या बैठकीत स्पष्ट करावे.

७. दुहेरी शिक्षण. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था व निर्मला निकेतन यांसारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य लहान संस्थांशी जोडावे. मोठ्या संस्थेशी होणाऱ्या प्रत्येक करारात स्थानिक संस्थेकडून ती काय शिकणार हेही लिहिलेले असावे, आणि प्रशिक्षित कार्यकर्तीला कराराच्या मुदतीत मोठ्या संस्थेने आपल्याकडे नोकरीस ओढून घेऊ नये, अशी अट असावी.

८. निर्णयात स्थान. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ३० मध्ये वस्तीपातळीवरील स्वयंसेवी संस्थांचा सहभाग वाढवणे हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे काम म्हणून नमूद आहे आणि त्याच अधिनियमातील २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. त्या अनुषंगाने पावसाळापूर्व आढावा बैठकांत प्रत्येक विभागातील दोन स्थानिक संस्थांना, त्यांपैकी किमान एक महिलांची, नियमित निमंत्रण असावे.

संस्थांची बांधिलकी

या मागण्यांच्या बदल्यात निवेदनकर्त्या संस्था आपला वार्षिक जमाखर्च वस्तीच्या जाहीर सभेत वाचून दाखवतील, एकाच कुटुंबातील दोन व्यक्ती विश्वस्त मंडळावर ठेवणार नाहीत आणि मदतवाटपाची यादी वाटपापूर्वी फलकावर लावतील. यांपैकी कोणत्याही अटीचा भंग झाल्यास करार रद्द करण्याचा अधिकार प्रशासनाला असावा.

सर्व मागण्या एकाच वेळी संपूर्ण जिल्ह्यात अमलात आणणे अवघड आहे हे लक्षात घेऊन, के-पूर्व, आर-मध्य, टी व एन (अनुक्रमे अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर) या चार विभागांत येत्या पावसाळ्यापूर्वी प्रायोगिक आरंभ करावा आणि त्यासाठी निवेदन मिळाल्यापासून तीस दिवसांत संयुक्त बैठक बोलवावी, अशी विनंती आहे. भागीदारीचे यश किती प्रशिक्षणवर्ग झाले यावर मोजले जाऊ नये. तिसऱ्या वर्षाअखेरीस मोठा भागीदार बाजूला झाल्यावरही मंडळाची वही चालू आहे काय, उताऱ्यावर हयात माणसांची नावे आहेत काय आणि पहिल्या दरडीच्या रात्री स्ट्रेचर वस्तीतल्या वस्तीत सापडते काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरवले जावे.

कळावे.

आपले विश्वासू,
अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर परिसरांतील स्थानिक मदतसंस्थांच्या वतीने

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१) मा. पालकमंत्री, मुंबई उपनगर जिल्हा
२) मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, वरळी, मुंबई