सीसी सांगू नका, बोअर सांगा!

मिरगाचं वादळ सुटलं की रस्त्यावर बाभूळ आडवी, विजेच्या तारांवर लिंबाची फांदी, हे मेहकर तालुक्यातल्या वाचकांना नवं नाही. अशा वेळी पूर्वी कुऱ्हाडी आणि दोघांनी ओढायची करवत निघे. आता पेट्रोलवर चालणारी चेनसॉ निघते, जिला आपण सरळ 'कटर' म्हणतो. धुऱ्यावरची सुबाभूळ छाटायला, जळतन फोडायला, पडलेलं झाड बाजूला करायला ती उपयोगी आहे आणि कित्येकांची रोजी तिच्यावर चालते. (साग, आंबा, चिंच, मोह यांसारख्या झाडांना मशीन लावण्याआधी १९६४ च्या झाडतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो. मशीन वेगानं कापते म्हणून कायदा बदलत नाही.)

गाडी अडते ती मशीन जाम झाल्यावर. माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "भाऊ, अठ्ठावन्न सीसीचा पिस्टन द्या." दुकानदारही अंदाजानं एक डबी काढून देतो. दोघांचंही इथंच चुकतं. सीसी हा आकडा पिस्टनचा नाही, तो बोअर आणि स्ट्रोक मिळून होणाऱ्या जागेचा आहे. पिस्टनला कळतो तो फक्त बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाचा व्यास.

ही गोष्ट आपल्या लोकांना नवी असायला नको होती. विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर एव्ही-१ इंजिन ज्यांनी वापरलं त्यांना ८० चा बोअर आणि ११० चा स्ट्रोक तोंडपाठ असे. संथ चालणाऱ्या ६५० फेऱ्यांच्या लिस्टर इंजिनाचा बोअर साडेचार इंच, तो मिस्तरी नुसतं बघून सांगत. मग कटर घेताना आपण मिलिमीटर विचारायचं का सोडलं? कारण मशीनच्या पेटीवर ठळक अक्षरांत सीसी छापलेला असतो आणि बोअर कुठंच छापलेला नसतो.

आता हिशेब बघा. बोअरचा वर्ग करा, ०.७८५ नं गुणा, स्ट्रोकनं गुणा, हजारानं भागा, की सीसी निघतो. स्टीलच्या एमएस २५० मशीनचा बोअर ४२.५ आणि स्ट्रोक ३२ मिलिमीटर. गुणाकार केला की ४५.४ सीसी येतो आणि कंपनीही तेवढाच सांगते. एमएस १८० चा बोअर ३८, स्ट्रोक २८, म्हणजे ३१.८ सीसी. इथं कागद आणि मशीन यांचा मेळ बसतो. आता बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या चिनी धाटणीच्या मशीन घ्या. ५२ सीसी म्हणून विकल्या जाणाऱ्या मशीनला साधारण ४५ चा पिस्टन लागतो आणि ५८ सीसीवाल्या मशीनला ४५.२ चा. बोअरमध्ये फरक फक्त ०.२ मिलिमीटर! ४५.२ च्या बोअरमध्ये खरे ५८ सीसी भरायचे तर स्ट्रोक ३६ मिलिमीटर हवा. तुमच्या मशीनचा पिस्टन खालून वर किती सरकतो ते प्लगच्या भोकातून काडी घालून मोजा आणि पेटीवरचा आकडा ताडून पाहा.

हा ०.२ चा फरक किरकोळ समजू नका. ४५.२ च्या सिलिंडरमध्ये ४५ चा पिस्टन घातला तर तो आत खुळखुळतो, दाब धरत नाही, गरम झाला की ताकद सोडतो. उलट केलं तर पिस्टन आत जाणारच नाही, नाही तर जागीच चिकटेल. दोन्हीकडून पैसा आपलाच जातो.

मग बोअर ओळखायचा कसा? आधी जुन्या पिस्टनचा माथा घासलेटनं पुसून पाहा. पुष्कळदा तिथं आकडा कोरलेला असतो, शिवाय सायलेन्सरच्या बाजूला तोंड करून बसवायचा बाणही. आकडा नसेल तर व्हर्नियर घ्या. पिस्टन माथ्यावर मोजू नका, माथा तापून फुगतो म्हणून तो मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. खालच्या कडेजवळ, पिनेच्या काटकोनात मोजा. माप बोअरपेक्षा काही शतांशानं कमी येईल. ४२.४६ आलं तर बोअर ४२.५ चा, असं समजायचं. सिलिंडर मोजायचा तर दोन दिशांनी मोजा आणि आत ॲल्युमिनियम चिकटलेलं नाही ना ते आधी बघा, नाही तर माप कमी दिसेल.

एवढ्यानंही काम संपत नाही. पिनेची जाडी बघा. एकाच ३८ च्या बोअरला ८ मिलिमीटर पिनेचा आणि १० मिलिमीटर पिनेचा असे दोन्ही पिस्टन बाजारात आहेत. पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, रिंगची जाडी आणि रिंगचं तोंड अडवणाऱ्या बारीक खुंटीची जागा, हे सगळं जुन्याशी जुळलं पाहिजे. म्हणून जुना पिस्टन फेकू नका, फुटलेला असला तरी खिशात घालून दुकानात न्या.

डिझेल इंजिनाची एक सवय मात्र इथं सोडावी लागेल. तिथं लायनर बदलतो, बोअर मारून ओव्हरसाईज पिस्टन बसवतो. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आत निकेल किंवा क्रोमचा पातळ कडक थर असतो. तो लेथवर कापला की सिलिंडर संपला. थर शाबूत असेल तर त्याच मापाचा पिस्टन घाला, थर उडाला असेल तर सिलिंडर-पिस्टनचा पूर्ण जोड घ्या. सर्क्लिप मात्र दोन्ही वेळा नवीनच.

आणि पिस्टन का गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका, तोही महिनाभरात जाईल. सायलेन्सर काढून आत बॅटरी मारा. त्या बाजूला ओरखडे असतील तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल कमी पडलं असेल किंवा कुठून तरी जादा हवा शिरत असेल. कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर एअर फिल्टरमधून धूळ गेली. कंपनीनं सांगितलेलं चांगलं ऑईल असेल तर लिटरला २० मिली, साधं असेल तर ४० मिली. अंदाजानं ओतणं हाच आपल्याकडचा मोठा रोग आहे.

आता थोडं ग्रामपंचायतींना. आपत्तीच्या कामासाठी मशीन घेताना दरपत्रकात नुसतं 'चेनसॉ, ५८ सीसी, १ नग' असं लिहून मोकळं होऊ नका. मॉडेल, बोअर, स्ट्रोक, पिनेची जाडी आणि सुटे भाग कुठं मिळतील, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या आणि साठा नोंदवहीत चढवा. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, बदलून जातात, नोंद राहते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा त्यात शेती अवजारांचाही समावेश केला होता. हा हक्क गावात पोचायचा तर विक्रेत्याला बोअर विचारणारं गिऱ्हाईक आधी उभं राहिलं पाहिजे. विक्रेता सांगू शकत नसेल, तर पाचशे रुपये स्वस्त आहे म्हणून ती मशीन घेऊ नका. पुढच्या मिरगात झाड रस्त्यावर पडेल, एसटी अडकेल आणि मशीन पंचायतीच्या कोपऱ्यात जाम पडलेली असेल.