आधीं ब्रेक, मग एंजिन

सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांव पूर्वी सातारा जिल्ह्यांत मोडत असे. तेथील श्री. दत्तात्रय लोहार यांनीं जुन्या गाड्यांचे सुटे भाग जुळवून सुमारें ६०,००० रुपयांत, पायानें किक मारून सुरू होणारी जीपसारखी लहान गाडी घडविली. डिसेंबर २०२१ मध्यें उद्योगपति आनंद महिंद्रा यांनीं तिची वाखाणणी केली. मात्र ती नियमांत बसत नाहीं, हेंहि सांगितलें, आणि जानेवारी २०२२ मध्यें तिच्या बदल्यांत लोहारांस नवी बोलेरो मिळाली.

कायदा कल्पकतेचा वैरी आहे, असें यावरून कोणी म्हणेल. तें यथार्थ नव्हे. जुन्या मोटारींत नवें, जोरकस एंजिन बसविल्यास वेग वाढतो. ब्रेक व सांगाडा मात्र जुन्या वेगापुरतेच घडविलेले असतात. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें परवानगीवांचून असा फेरफार करण्यास मनाई केली आहे. रस्ता सर्वांचा आहे.

तथापि केवळ मनाईनें कारागीर निपजत नाहींत. पालकहो, मुलाचे हात तेलानें माखलेले पाहून रागावूं नका; त्यास एखादें जुनें एंजिन उघडूं द्या. आणि विद्यार्थिमित्रांनो, गाडी धांवविण्यापूर्वीं ती थांबविण्याची विद्या शिका.