विश्लेषण : रणजीची बाद फेरी बघता बघता क्रिकेटची कोणती पुस्तके वाचावीत?

रणजी करंडकाची साखळी संपून बाद फेरी लागली, की यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा इथले क्रिकेटप्रेमी मोबाइलवर धावफलक उघडून बसतात. त्याला कारणही आहे. २०१८ ते २०२५ या काळात विदर्भाने तीन वेळा रणजी जिंकली आणि २०२४ मध्ये उपविजेतेपद मिळवले. पण धावफलकावर आकडे दिसतात, सामना दिसत नाही. ही उणीव पुस्तके भरून काढू शकतात का आणि मराठी वाचकासाठी अशी पुस्तके कोणती, याविषयी...

बाद फेरीत नेमके काय बदलते?

साखळी सामने चार दिवसांचे, बाद फेरीतले पाच दिवसांचे. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. हा नियम वरवर साधा वाटतो, पण सगळी गंमत आणि सगळा जाच त्यातच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये उपांत्य सामन्यात केरळने ४५७ धावा केल्या आणि गुजरातचा डाव ४५५ वर संपला. गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाने मारलेला चेंडू शॉर्ट लेगवरच्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमधल्या सचिन बेबीच्या हातात विसावला. दोन धावांची आघाडी, एक हेल्मेट आणि केरळ प्रथमच अंतिम फेरीत!

जामठ्याला झालेल्या अंतिम सामन्यातही तेच. विदर्भ ३७९, केरळ ३४२. सचिन बेबी ९८ वर बाद झाला नसता तर काय झाले असते, याची चर्चा केरळात अजून होत असेल. दानिश मालेवारच्या १५३ धावा आणि दुसऱ्या डावातले करुण नायरचे शतक यांच्या बळावर विदर्भाने सामना हातातून जाऊ दिला नाही. सामना अनिर्णित, करंडक ३७ धावांच्या आघाडीवर. केरळकडून ७९ धावा करणारा आदित्य सरवटे हा २०१९ मध्ये विदर्भाला विजेतेपद मिळवून देणारा गोलंदाज, हे ज्यांना आठवत होते त्यांनी तो डाव वेगळ्याच नजरेने पाहिला असणार.

इतर खेळांत असे असते का?

अमेरिकेत बेसबॉलची अंतिम लढत एका सामन्यावर ठरत नाही. सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. २०२५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स आणि टोरँटो ब्लू जेज यांच्यात सातव्या सामन्यापर्यंत, तोही अकराव्या डावापर्यंत चुरस गेली. नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून तिथे सामने वाढवतात, आपल्याकडे दिवस वाढवतात. दिवस वाढवूनही आघाडीचा नियम लागतोच, त्यामुळे रणजीत पहिल्या दोन-अडीच दिवसांचे मोल शेवटच्या दिवसापेक्षा जास्त असते. फक्त पाचव्या दिवशी ‘निकाल काय’ म्हणून मोबाइल उघडणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

बेसबॉलचे चाहते मोसमाच्या या शेवटच्या टप्प्यात एकमेकांना पुस्तके सुचवतात. मायकेल लुइस यांचे ‘मनीबॉल’ (२००३) त्यातले नेहमीचे. कमी पैशांत संघ उभारणाऱ्या ओकलंडची ती कथा. मोठी नावे नसताना रणजी जिंकणाऱ्या विदर्भाच्या चाहत्याला ती परकी वाटणार नाही.

यवतमाळचा यात वाटा किती?

नागपूरच्या मानाने थोडा, पण नेमका. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा अक्षय कर्णेवार यवतमाळ जिल्ह्यातला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध ट्वेन्टी-२० सामन्यात त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव. हा आकडा बहुतेकांना पाठ आहे. त्याहून मोलाची खेळी मात्र फारशी आठवली जात नाही. फेब्रुवारी २०१९ च्या रणजी अंतिम सामन्यात तळाला येऊन त्याने नाबाद ७३ धावा केल्या. विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७. आघाडी अवघी पाच धावांची. पुढे सरवटेच्या फिरकीने सामना ७८ धावांनी जिंकून दिल्याने त्या पाच धावांची गरज पडली नाही, म्हणून त्या विस्मरणात गेल्या. अशा गोष्टी लिहून ठेवल्या नाहीत तर आकड्यांखाली गाडल्या जातात.

मराठीत काय वाचता येईल?

पहिले नाव पा. विठ्ठल यांच्या ‘माझे क्रीडा-जीवन’ (१९४८) या आत्मकथनाचे. पळवणकर बाळू आणि विठ्ठल हे दलित कुटुंबातले भाऊ. बाळूंची फिरकी हिंदू संघाला हवी होती, पण चहा त्यांना वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही, विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले आणि त्यांनी संघाला जिंकून दिले. रामचंद्र गुहा यांनी ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) हे इंग्रजी पुस्तक लिहिताना विठ्ठल यांच्या या कथनाचा आधार घेतला. दोन्ही मिळणार असतील तर आधी मराठी वाचावे.

नव्या वाचकासाठी शिरीष कणेकर यांचे ‘क्रिकेट-वेध’ सोपे. चिमटे काढत लिहिलेले, एका बैठकीत संपणारे. द्वारकानाथ संझगिरी यांनी तर मुंबई महापालिकेत अभियंता म्हणून काम करता करता सुमारे ४० पुस्तके लिहिली. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी ते गेले, त्यानंतर दोनच दिवसांनी त्या हंगामाची बाद फेरी सुरू झाली.

विदर्भाचे स्वतःचे पुस्तक कुठे?

खरा प्रश्न हाच. मराठी क्रिकेटलेखनाचा जीव शिवाजी पार्क आणि पुण्यात अडकलेला आहे. वास्तविक भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपुरात जन्मले. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी वडिलांवर लिहिलेले पुस्तकही आहे, पण इंग्रजीत. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ते १३ तारखेला संपले आणि १५ पासून नागपुरात विदर्भाचा उत्तराखंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामना सुरू झाला. चाळिशीतल्या वासिम जाफरने त्यात द्विशतक ठोकले. वऱ्हाडात साहित्य आणि क्रिकेट इतके जवळ आले होते, अंतर दोन दिवसांचे.

रजनीश गुरबानीने डिसेंबर २०१७ मध्ये ईडन गार्डन्सवर कर्नाटकचे सात बळी घेऊन पाच धावांनी सामना काढला आणि लगेच अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक केली. हे खेळाडू आज भेटू शकतात, बोलू शकतात. फैज फजल, अक्षय वाखरे, कर्णेवार यांच्या आठवणी ताज्या असतानाच कुणीतरी टेपरेकॉर्डर घेऊन बसायला हवे.

तोवर वाचकाने निदान उपलब्ध आहे ते हाती घ्यावे. वर्धेमार्गे नागपूरला जाणारी एसटी जामठ्याजवळूनच जाते. मैदानात बसून पाहिल्यास उपाहाराला ४० मिनिटे आणि चहापानाला २० मिनिटे खेळ थांबतो. कणेकरांचे दोन लेख तेवढ्यात आरामात होतात.