मन रमव, म्हणजे नेमकं काय करू?

पोटगी, रेशन, पाणी, हुंडा अशा विषयांवर मी आजवर पुष्कळ लिहिलं. स्वतःच्या घराबद्दल लिहायची ही पहिलीच वेळ. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. पण ‘जे खाजगी ते राजकीय’ हे वीस-बावीस वर्षं दुसऱ्या बायकांना समजावून सांगायचं आणि स्वतःवर वेळ आली की तोंड मिटून बसायचं, हे काही बरं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मला काही करावंसंच वाटेनासं झालं. घडलं असं काहीच नव्हतं. पहाटे पाण्याच्या वेळेला उठायचं, पिंप भरायचं, डबे करायचे, हे सगळं हात आपोआप करत होते. पण भाजी चिरता चिरता मध्येच रडू यायचं. दुपारी सगळे बाहेर पडले की मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. आमच्या सल्ला केंद्रावर जाणं मी टाळू लागले, कारण समोरची बाई बोलत असायची आणि माझ्या कानात काही शिरत नसे.

शेजारीण म्हणाली, ‘तुला कमी काय आहे?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवरा मारत नाही, पीत नाही. मुलं शिकली. भाईंदरसारख्या ठिकाणी स्वतःचं दोन खोल्यांचं घर आहे. आपल्याकडे बाईला दुःखी व्हायचं असेल तर आधी पुरावा द्यावा लागतो. अंगावर वळ असेल तर आपण संघटनेतल्या बायकासुद्धा लगेच उठतो. वळ नसेल तर आपणही विचारतो, ‘मग झालं काय?’

मग सल्ले सुरू झाले. सगळ्यांचा अर्थ एकच, मन रमव. नणंदेने लोकरीच्या लडी आणि सुया आणून दिल्या. मुलीने खिडकीच्या ग्रिलमध्ये चार कुंड्या मांडल्या आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून त्यात मिरची, गवती चहा लावला. भाईंदरच्या घामट हवेत स्वेटर कोण घालणार, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

खरं सांगायचं तर दोन्हींचा उपयोग झाला. एक सुलट, एक उलट, एवढंच लक्षात ठेवायचं असतं. चुकलं तर उसवता येतं, आणि उसवल्यावर कोणी रागावत नाही. घरात मी केलेलं दुसरं कोणतं काम असं होतं? पोळी संध्याकाळी संपते, भांडी पुन्हा खरकटी होतात. विणलेली चार बोटं मात्र दुसऱ्या दिवशी तिथेच असायची. मिरचीच्या रोपाचंही तसंच. खारा वारा सोसून त्याला फूल धरलं, तेव्हा कित्येक दिवसांनी मी कोणाला तरी हाक मारून काही दाखवलं.

पण पुढे काय झालं तेही सांगते. पहिला स्वेटर पुरा होतो न होतो तोच जावेच्या नातवासाठी टोपडं, नणंदेच्या सुनेच्या बाळंतपणासाठी मोजे, अशा मागण्या सुरू झाल्या. ‘नाहीतरी तू बसलेलीच असतेस.’ कुंड्यांचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळलं, त्याचं भांडणही मीच निस्तरायचं. जे माझं म्हणून सुरू झालं त्याचं बघता बघता घरकाम झालं. एका दुपारी अर्धं टोपडं मी सबंध उसवून टाकलं आणि लोकरीचा गुंडा करून ठेवून दिला. त्या दिवशी मला सर्वांत बरं वाटलं.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. जे पुरुष असं काम करतात, त्यांची ८८. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. त्यातलं एक मिनिटही कमी न करता तिला ‘मन रमव’ म्हणणं म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम वाढवणं.

आमच्या भागाचंही यात काही आहे, असं मला वाटतं. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेली. यातली पुष्कळ माणसं वीस वर्षांत बाहेरून आली. आमचं घरही त्यातलंच. सासरे गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर लालबागची खोली गेली आणि मिठागरांच्या बाजूला हा ब्लॉक घेतला. चाळीत भांडणं होती, पण गॅलरी होती. एखादी बाई दोन दिवस नळावर दिसली नाही तर कोणीतरी डोकावत असे. ब्लॉकमध्ये संडास घरात आला, याचं सुख मोठं आहे, मी ते नाकारत नाही. पण दाराला लॅच आलं. आत बाई दुपारभर रडली तरी बाहेर कळत नाही.

सासूबाई तेवढ्या काही सल्ला देत नव्हत्या. एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘मलाही असंच झालं होतं गं, तुझ्या नवऱ्याच्या वेळी. बाळाला घ्यावंसंच वाटेना. मला काहीतरी लागलंय म्हणून उतारे केले, अंगारा लावला. मग मी बोलायचंच सोडून दिलं.’ इतकी वर्षं एका घरात राहून हे मला ठाऊक नव्हतं. त्याच मला म्हणाल्या, ‘तू डॉक्टरकडे जा, मी येते सोबत.’

मी आधीच का गेले नाही? भीती. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून आमच्या सगळ्या मुलखात ‘हिला ठाण्याला न्यायला हवं’ ही चेष्टा आहे आणि धमकीही. शिवाय केंद्रावर मी काय पाहिलं होतं? घटस्फोटाच्या प्रकरणात नवरा बायकोच्या गोळ्यांची चिठ्ठी वकिलाच्या हातात ठेवतो, ‘ही वेडी आहे’ म्हणून. म्हणून माझ्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा त्या मी कितीतरी दिवस डाळीच्या डब्यात लपवल्या. नवऱ्यावर संशय नव्हता, तरी लपवल्या.

म्हणून कायदा नीट माहीत असू द्या. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे खरं. पण नुसत्या आजाराच्या नावावर तो मिळत नाही. सोबत राहणं अपेक्षिता येणार नाही इतका तो गंभीर आहे, हे सिद्ध करावं लागतं. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात हे स्पष्ट केलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो मे २०१८ पासून लागू झाला. त्यात उपचार मिळणं हा हक्क म्हटला आहे, आजाराची माहिती गुप्त राहणं हाही हक्क आहे. निदान झालं एवढ्यावरून कोणी वेडी ठरत नाही, ते ठरवायचं काम कोर्टाचं. कायद्याने सगळं होत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण डाळीचा डबा उघडायला त्याने मला धीर दिला.

गोळ्यांनी झोप आली. बोलण्याने मन हलकं झालं. आणि तिसरी गोष्ट घडली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नव्हती. पहाटेच्या पाण्याला नवरा उठू लागला. सहज नाही, चार भांडणं करून. पण उठू लागला. मुलगा स्वतःचा डबा करतो, भाजीत मीठ जास्त पडतं, आम्ही खातो. विणकाम आता मी पुन्हा घेतलं आहे, पण कोणाच्या मागणीचं करत नाही. विणते आणि वाटलं तर उसवते.

पुण्याच्या बापू ट्रस्टच्या संस्थापक भार्गवी दावर यांनी बाईच्या मनःस्वास्थ्याला स्त्रीवादाचा प्रश्न म्हणून १९९९ मध्येच पुस्तकातून मांडलं होतं. आपण चळवळीने तो तितका उचलला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२१ साली देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक, २३ हजारांवर, गृहिणी होत्या. ज्यांना ‘कमी काय आहे’ असं विचारलं जातं, त्याच या.

म्हणून गटांना माझं एवढंच सांगणं आहे. केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक बाईला मारहाण, पैसा, घर यांबरोबर ‘झोप लागते का?’ हेही विचारा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, तो केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. आणि महिन्याच्या बैठकीत कार्यकर्त्यांनी एकमेकींना हा प्रश्न आधी विचारावा. मी दोन महिने बैठकीला आले नाही, तेव्हा रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे फक्त ‘गैरहजर’ लिहिलं गेलं. दोष कोणाला देत नाही. इतकी वर्षं ते रजिस्टर मीच भरत होते, आणि दुसऱ्यांच्या नावापुढे मीही तेच लिहीत होते.