ड्रायव्हर बिघडला म्हणजे कॉम्प्युटर गेला असे नाही

मे महिन्यात धुळ्याहून भाचीचा फोन आला. "मामू, निकाहच्या पत्रिकेचं काम अर्ध्यावर आहे आणि स्क्रीन सारखी काळी होतेय. दुकानदार म्हणतात, कार्ड गेलं, नवीन टाका आणि सगळं फॉरमॅट करा." त्याच कॉम्प्युटरमध्ये मरहूम दुल्हेभाईंचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. आम्ही म्हणालो, "बेटा, रविवारपर्यंत थांब." आणि जळगावहून निघालो.

तिथे गेल्यावर तिला आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगितले. ड्रायव्हर हा दुभाषा असतो. डिझाइनचे सॉफ्टवेअर एक भाषा बोलते, चित्र दाखवणारे ग्राफिक्स कार्ड दुसरी. कार्डाने साधारण 2 सेकंदांत उत्तर दिले नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. म्हणून स्क्रीन क्षणभर काळी होते. चूक दुभाष्याची असेल तर कार्ड बदलून काय उपयोग?

मग एकेक तपासले. तुम्हीही याच क्रमाने पाहा.

स्क्रीन अडकली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकदम दाबा. ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, उघडे काम बंद होत नाही.

त्रास एकाच सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' बंद करून पाहा.

सगळीकडे असेल, तर स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' दिसले, तर कार्डाचा खरा ड्रायव्हर चालूच नाही. तो कॉम्प्युटर किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'फुकट ड्रायव्हर अपडेट' म्हणणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका.

अपडेटनंतर बिघाड सुरू झाला असेल, तर तिथेच कार्डाच्या नावावर डबल क्लिक करून 'ड्रायव्हर'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. जुना ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट असेल, तर जुना शिल्लक नाही असे समजा.

आपल्या खान्देशात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून पंख्यावरची धूळ साफ करा. भिंतीला चिकटवून ठेवू नका.

विंडोज सुरू होण्याआधीच, कंपनीचे नाव दिसते तेव्हाच रेघा किंवा ठिपके दिसत असतील, तर मात्र दोष कार्ड, केबल किंवा मॉनिटरचा. तेव्हा कारागिराकडे जावेच लागेल.

भाचीच्या कॉम्प्युटरवर आदल्याच आठवड्यात अपडेट झाले होते. रोल बॅक केले आणि अल्हम्दुलिल्लाह, स्क्रीन स्थिरावली. पत्रिका वेळेवर गेली.

ड्रायव्हर बदलल्याने फोटो पुसले जात नाहीत, फॉरमॅटने पुसले जाऊ शकतात. म्हणून दुकानात देण्याआधी फोटो आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर घ्या. त्या दिवशी निघण्यापूर्वी आम्ही दुल्हेभाईंचे सगळे फोटो दोन पेनड्राइव्हवर उतरवले. एक आपाकडे ठेवला, एक आमच्याकडे. चांगली वस्तू टाकून देणे हा इसराफ आहे, आणि आठवणी तर बाजारात मिळतही नाहीत.